फॉर्मवर ‘नाही’ टिक करू का?

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देतेय:

“ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. डिसेंबरच्या सुट्टीत तिघं मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर चाललोय, सात रात्री, ऑल-इन्क्लुझिव्ह. मी ३९, नवरा ४७, मुलगा ११. पॅकेजमध्ये ‘स्कूबा इन्क्लुडेड’ लिहिलंय म्हणून नवरा जाम खूश आहे, म्हणतो पैसे भरलेच आहेत तर तिघांनी करूया. २०१९ ला मालवणला एकदा केलं होतं, त्यामुळे आपल्याला येतं असं त्याचं म्हणणं. मला लहानपणापासून दमा आहे, आता तसा त्रास नाही, फक्त हिवाळ्यात बाहेर भरभर चाललं की इन्हेलर लागतो. रिसॉर्टच्या डाइव्ह शॉपने मेडिकल फॉर्म पाठवलाय, त्यात श्वासाचे प्रश्न आहेत आणि हो म्हटलं तर डॉक्टरची सही आणा म्हणतात. नवरा म्हणतो सरळ ‘नाही’ टिक कर, मालवणला कोणी विचारलं होतं? त्याला स्वतःला बीपीची गोळी चालू आहे, ते मोजायचं नसतं म्हणतो. खरं सांगू का, मालवणला मी पाण्याखाली खूप घाबरले होते, वर न्या म्हणून हात हलवत होते आणि त्या दादाला वाटलं मी कॅमेऱ्याला टाटा करतेय. व्हिडिओत त्या जागी सगळे हसतात. मी कधी कोणाला बोलले नाही. शेवटच्या दिवशी सकाळची डाइव्ह बुक केलीय, संध्याकाळी फ्लाइट आहे. चष्मा पण उणे पाचचा आहे. मी सगळ्यांचा मूड घालवतेय का?”

अगं, मूडचं नंतर बघू. आधी फॉर्म. ‘नाही’ टिक करू नकोस. तू पण नाही आणि नवऱ्याने पण नाही.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे जे तू सहज लिहून गेलीस, हिवाळ्यात बाहेर भरभर चाललं की इन्हेलर लागतो, आणि मी तिथेच थांबले. सिलिंडरमधली हवा कशी असते माहितीये? एकदम कोरडी, कारण भरताना त्यातला ओलावा काढून टाकतात, आणि दाबातून सुटताना ती गार पण होते. त्यात पाण्यात करंट म्हणजे जोराचा प्रवाह असला, जड सामान अंगावर असलं आणि मन घाबरलेलं असलं तर श्वास जोरात चालतो. म्हणजे जानेवारीत एडिसनच्या रस्त्यावर भरभर चालताना तुझ्या छातीचं जे होतं, जवळजवळ तीच परिस्थिती समुद्राखाली तयार होते, फरक इतकाच की तिथे तू बाकावर बसून इन्हेलर ओढू शकत नाहीस. थंड हवा, व्यायाम किंवा भीती यांनी दमा उठत असेल तर डायव्हिंगचे डॉक्टर सहसा नकोच म्हणतात. सरसकट सगळ्या दमेकऱ्यांना बंदी आहे असं मात्र नाही हं, दमा नीट कंट्रोलमध्ये आहे, तपासणी नॉर्मल आहे अशी कितीतरी माणसं व्यवस्थित डाइव्ह करतात, म्हणून तुझं उत्तर मी इथून देणार नाही, ते तुझ्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी, करून द्यायचं.

आणि हे एवढं का करायचं तेही सांगते, कारण नुसतं ‘रिस्क आहे’ म्हटलं की घरात कोणी ऐकत नाही. दहा मीटर खाली दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे तू छातीभर श्वास घेतलास आणि तो धरून वर आलीस तर पृष्ठभागावर येईपर्यंत तीच हवा दुप्पट जागा मागते. म्हणून डायव्हिंगमधला पहिला नियम, श्वास कधीच रोखायचा नाही, सतत घेत आणि सोडत राहायचा. ज्याला दमा नाही तो हे करू शकतो. पण दम्यात नळ्या आकसल्या, आतली थोडी हवा अडकली, तर तू श्वास सोडत असलीस तरी ती अडकलेली हवा फुगते आणि फुफ्फुसाला इजा होऊ शकते, त्यातले बुडबुडे रक्तात गेले तर मेंदूपर्यंत जातात. आणि हवा सगळ्यात झपाट्याने फुगते ती वरच्या काही मीटरमध्येच, त्यामुळे ‘अगं पाच मीटरच तर जायचंय’ याला काही अर्थ नाही, खोल स्विमिंग पूलमध्ये सुद्धा हे होऊ शकतं.

रिसॉर्टच्या पूलमध्ये फुकट सिलिंडर लावून बघायला देतात, मी हे त्यासाठी पण म्हणतेय, लक्षात घे.

आता नवऱ्याकडे वळते. ते मोजायचं नसतं हे कोणी सांगितलं त्याला? फॉर्मवर वय ४५ च्या पुढे आहे का असा वेगळा प्रश्नच आहे, आणि त्याला हो म्हटलं की पुढे सिगरेट, कोलेस्टेरॉल, बीपी, घरात कमी वयात कोणाला हार्टचा त्रास होता का, हे विचारतात. यातल्या एकालाही हो आलं की डॉक्टरची सही. डायव्हिंग करताना जी माणसं दगावतात त्यात हृदयाचा त्रास हे एक मोठं कारण आहे, आणि ती बरीचशी चाळिशी-पन्नाशीची, एरवी ठणठणीत दिसणारी माणसं असतात. बीपी आटोक्यात असेल आणि गोळी चालणारी असेल तर डॉक्टर बहुतेक सही देतील, त्यात एवढं लपवण्यासारखं काय आहे? पण सही इथूनच घेऊन जायची. तिथे पोचल्यावर फॉर्म भरायला घेतलात आणि खरं लिहिलंत तर शॉपवाले पाण्यात उतरवणार नाहीत, खोटं लिहिलंत तर उतरवतील, आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी काउंटरसमोर उभं राहून माणूस खोटंच लिहितो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी स्वतः कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर शिकले, वयाच्या ४४ व्या वर्षी, तेव्हा आम्ही ह्यूस्टनला होतो. त्यानंतर दोन वर्षांनी एका रिसॉर्टवर मी सर्दी असताना डाइव्ह केली. आठवड्याची सुट्टी, पॅकेजमध्ये रोजच्या दोन डाइव्ह, तिसरा दिवस, नाक बंद. सकाळी नाक मोकळं करायची गोळी घेतली, खाली जाताना कान व्यवस्थित उघडले, म्हणजे आतला-बाहेरचा दाब जुळला, मला वाटलं जमलं. अर्ध्या तासाने गोळीचा असर उतरला आणि वर येताना कानातली हवा बाहेर पडेना. बोट दिसत होती, पाणी स्वच्छ, आणि मी वर येऊ शकत नव्हते, पुन्हा दोन मीटर खाली, पुन्हा वर, असं करत सिलिंडर संपत आला. पुढचे तीन आठवडे उजव्या कानाने मला अर्धवट ऐकू येत होतं. कोणी मला ढकललं नव्हतं गं, बोटीवरच्या माणसाने सकाळी विचारलं पण होतं, बरं आहे ना, आणि मी हो म्हणाले होते. कारण काय, तर पैसे भरलेले. म्हणून मला तुझ्या नवऱ्याचं ते ‘पैसे भरलेच आहेत’ वाचून राग आला नाही, भीती वाटली.

बरं, ते ‘इन्क्लुडेड’ म्हणजे नक्की काय ते आधी रिसॉर्टला लिहून विचारा. दर ठिकाणी वेगळं असतं. काही ठिकाणी सर्टिफाइड लोकांना रोजच्या बोट डाइव्ह खरंच पॅकेजमध्ये असतात, पण मेक्सिकोतल्या बऱ्याच रिसॉर्टवर इन्क्लुडेड म्हणजे पूलमध्ये एकदा अर्धा-पाऊण तास सिलिंडर लावून दाखवतात, बस, समुद्रातली डाइव्ह, बोट, मरीन पार्कची फी सगळं वेगळं. आणि डाइव्ह शॉप अनेकदा रिसॉर्टचं नसतंच, जागा भाड्याने घेतलेला वेगळा धंदा असतो. एका इन्स्ट्रक्टरमागे समुद्रात किती जण, हे पण विचार, नवख्यांच्या बाबतीत चारच्या वर असतील तर मी जाणार नाही, दोन असतील तर उत्तम. बोटीवरच्या लोकांना टिप वेगळी द्यायची असते, ते धरून चाला.

मालवणबद्दल. मालवणला मी नावं ठेवणार नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या त्या पाण्यात कितीतरी मराठी माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा मासे त्यांच्या घरात बघितले, आणि तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे तिथे नीट कोर्स पण होतात. पण तुम्ही जे केलंत त्यात दादाने मागून सिलिंडर धरलेला असतो, तरंगायच्या जॅकेटमध्ये हवा तोच भरतो-सोडतो, खाली तोच नेतो, वर तोच आणतो, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा. त्याला डायव्हिंग येणं म्हणत नाहीत. कोझुमेलला पहिल्यांदा करणाऱ्यालाही आधी उथळ पाण्यात मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढायला आणि तोंडातून निसटलेला रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो तो तुकडा, परत पकडून तोंडात घालायला लावतात, ते जमलं तरच पुढे, आणि तेही जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत. शिवाय कोझुमेलची स्वतःची गंमत म्हणजे करंट. तिथे बोट नांगर टाकत नाही, तुम्ही पाण्याबरोबर वाहत जाता आणि बोट वरून बुडबुड्यांच्या मागे मागे येते. येणाऱ्याला ते स्वर्ग वाटतं, पंख न हलवता उडाल्यासारखं. ज्याला थांबायचंय त्याला मात्र थांबता येत नाही. म्हणून नवख्यांसाठी चांकनाबसारखी किनाऱ्यालगतची शांत जागा मागून घ्यायची.

आणि तुझा तो टाटा. मी ते तीनदा वाचलं. तू घाबरलीस यात लाज वाटण्यासारखं काहीच नाहीये, तुला पाण्यात उतरायच्या आधी खुणा शिकवायला हव्या होत्या आणि त्या शिकवल्या गेल्या नाहीत किंवा घाईत दाखवल्या, एवढंच झालं. अंगठा वर म्हणजे पाण्याखाली ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर जायचंय’. मस्त चाललंय हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवला की ‘काहीतरी गडबड आहे’, मग जिथे गडबड आहे तिथे बोट दाखवायचं, कान, छाती, मास्क. डायव्हिंग करणाऱ्यांमध्ये एक नियम सगळीकडे पाळतात, कोणीही, कधीही, कुठल्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतो आणि वर आल्यावर त्याला जाब विचारायचा नाही. अंगठा दाखवला की सगळे वर. हा नियम नवऱ्याला आणि मुलाला तूच सांग, आणि त्याच वेळी त्या व्हिडिओत खरं काय चाललं होतं ते पण सांग. इतकी वर्षं ते हसतायत कारण त्यांना माहीतच नाही. एकदा कळलं की त्या घरातला कोणी तुला ‘चल गं, काही होत नाही’ म्हणेल असं मला वाटत नाही.

शेवटच्या दिवसाची डाइव्ह आजच कॅन्सल करा, यावर चर्चाच नको. खाली श्वास घेताना जास्तीचा नायट्रोजन अंगात विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू, तासन् तास बाहेर पडत राहतो. विमानात केबिनचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, जवळपास आठ हजार फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखा, मग उरलेला नायट्रोजन बुडबुडे करतो, सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं. सांधे दुखणं, मुंग्या येणं, अंगावर चट्टे, आणि वाईट झालं तर पाय लुळे पडणं. एकच डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास, दिवसात दोन किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, हा डॅनचा म्हणजे डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला आहे. मी स्वतः पूर्ण एक दिवस सोडते. तो दिवस तुम्ही बाजारात फिरा, सान हर्वासियोचे माया लोकांचे अवशेष बघा, बेटावरच आहेत. आणि डाइव्हचा वेगळा इन्शुरन्स घ्या, डॅनचाच असतो, साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये डायव्हिंग बऱ्याचदा वगळलेलं असतं आणि हायपरबॅरिक चेंबरचं, म्हणजे जास्त दाबाखाली ऑक्सिजन देऊन यावर उपचार करतात त्या खोलीचं, बिल फार मोठं येतं. चेंबर कोझुमेलला आहेत, तेवढं समाधान.

दारूचं एका वाक्यात, ओपन बार रात्री उशिरापर्यंत आणि डाइव्ह सकाळी आठला हे जमत नाही, शरीर कोरडं पडलेलं असतं आणि डोकं जागेवर नसतं, ज्या दिवशी डाइव्ह त्याच्या आदल्या संध्याकाळी नारळपाणी.

नवऱ्याला खरंच आवड असेल, आणि पत्रावरून आहे असं दिसतंय, तर त्याने हे नीट करावं ना. अजून तीन महिने आहेत. ‘ओपन वॉटर’ हा पहिला सर्टिफिकेट कोर्स, त्याचा थिअरीचा भाग घरी बसून ऑनलाइन होतो, पूलचा भाग न्यू जर्सीतल्या कुठल्याही डाइव्ह शॉपबरोबर एक-दोन वीकेंडला, मग ते रेफरलचा कागद देतात आणि समुद्रातल्या चार डाइव्ह कोझुमेलला दोन दिवसांत पूर्ण करायच्या. २०० मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं लागतं, वेळेचं बंधन नाही. सुट्टीतले चार दिवस वर्गात बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि १८ मीटरपर्यंतचं कार्ड आयुष्यभराचं. समुद्रातल्या डाइव्ह सुट्टीच्या पहिल्या अर्ध्यातच ठेवा. डिसेंबरमध्ये उत्तरेचा वारा सुटतो, त्याला तिथे ‘नोर्ते’ म्हणतात, तो आला की बंदर लहान बोटींसाठी बंद करतात आणि एखाददोन दिवस जातात हातचे.

मुलाबद्दल तू खूप कमी लिहिलंयस, त्याला स्वतःला करायचंय का हे तर कुठेच नाही. दहा वर्षांपासून परवानगी असते, तो बसतो त्यात, पण अकरा वर्षांच्या मुलाला ‘बाबाला आवडेल म्हणून’ पाण्याखाली नेऊ नका. एकट्याला बसवून विचार. पूलमध्ये करून बघू दे, आवडलं तर ठीक, कान उघडत नसतील किंवा नको म्हणाला तर स्नॉर्कल, म्हणजे मास्क आणि नळी लावून वरच तरंगत बघायचं. त्या बेटावर स्नॉर्कलमध्ये सुद्धा काय दिसतं गं! पाणी इतकं स्वच्छ की वीस-पंचवीस मीटर लांबचा मासा ओळखू येतो, आपल्या कोकण किनाऱ्यावर सवय नसते आपल्याला. डिसेंबर ते मार्चच्या सुमाराला पांढऱ्या ठिपक्यांचे ईगल रे, म्हणजे एक प्रकारचे पाकट मासे, येतात, थव्याने, पंख हलवत. कपारीखाली स्प्लेंडिड टोडफिश लपलेला असतो, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं रुंद डोकं आणि पिवळे जर्द पर, कोझुमेलच्या आसपासच सापडतो तो, आणि त्याला बघायला लोक जगभरातून येतात. तो मात्र खाली गेल्याशिवाय दिसत नाही, हे तुला खोटं सांगणार नाही.

दिसेल तो लायनफिश. देखणा आहे पण तिकडचा नाही, आपल्या हिंदी महासागराच्या आणि पॅसिफिकच्या बाजूचा, तिकडे माणसांनी सोडला आणि त्याने कॅरिबियनच्या लहान माशांचा फडशा पाडला, म्हणून तिथे तो मारतात आणि खातात. कोरलला, म्हणजे प्रवाळाला, हात लावायचा नाही हे मुलाला आधीच सांगून ठेव. तिथला समुद्र १९९६ पासून नॅशनल पार्क आहे, पार्कात हातमोजे घालू देत नाहीत, कारण हातमोजे असले की माणूस धरतोच. साधं सनस्क्रीन चालत नाही, त्यापेक्षा लांब हातांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट, घाला तिघांनी. २०१४ मध्ये मायामीजवळ कोरलचा एक रोग दिसला, तो पसरत २०१८ पर्यंत कोझुमेलला पोचला, शेकडो वर्षांची कोरल काही आठवड्यांत पांढरी होऊन मेली, २०१९ मध्ये तर पालांकार, कोलोंबिया, एल सिएलो हे पार्कातले भाग काही काळ बंद ठेवावे लागले. मी आधीचे आणि नंतरचे फोटो पाहिलेत, रडू आलं होतं. एल सिएलोला कमरेएवढ्या पाण्यात स्टारफिश असतात, तिथे मुलगा वेडा होईल, फक्त फोटोसाठी ते पाण्याबाहेर काढायचे नाहीत, बाजूची मंडळी काढत असली तरी.

चष्म्याचं सोपं आहे. नंबरचे मास्क मिळतात, उणे पाच तर सहज, इथूनच घेऊन जा म्हणजे स्नॉर्कलला पण वापरशील. मंगळसूत्र, अंगठ्या, कानातलं रूमच्या तिजोरीत.

आता मूड. तुझ्या डॉक्टरांनी नको म्हटलं तर तू नाही करणार, आणि हो म्हटलं पण तुझं मन नसेल तरी नाही करणार, दोन्ही सारखंच खरं कारण आहे. बोटीवर जा हवं तर, वरून स्नॉर्कल कर, करंट कमी असेल तर तुझ्याखाली नवऱ्याचे बुडबुडे वर येताना दिसतील. आणि करायचं असेल, शरीर परवानगी देत असेल, तर आधी न्यू जर्सीतल्या एखाद्या पूलमध्ये एकाच इन्स्ट्रक्टरबरोबर, कॅमेरा नाही, घरचं कोणी नाही, असं एकदा करून बघ.

आज रात्री जेवण झाल्यावर दोन्ही फॉर्म प्रिंट काढ आणि दोघांनी एकत्र बसून भरा, एकमेकांसमोर, बीपीसकट, इन्हेलरसकट. मग डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे, दोघांची एकदमच, आणि ‘डायव्हिंगसाठी फिटनेस’ असं स्पष्ट सांग म्हणजे ते फॉर्मचं डॉक्टरांसाठीचं पान बघून ठेवतील. स्पायरोमेट्रीच्या आधी किती तास इन्हेलर घ्यायचा नाही हे फोनवरच विचारून ठेव, आणि इन्हेलर पर्समध्ये घेऊन जा.